श्वासाची खोटी वही

माझ्या मेव्हण्यानं भर पंगतीत मला एक वाक्य ऐकवलं होतं. त्याच्या थोरल्या मुलीच्या लग्नातली गोष्ट. मी ताटावर बसलो होतो आणि माझी बायको वाढत होती. दोन ओळी वाढून झाल्या की ती मांडवाच्या खांबाला टेकायची आणि तोंडाला पदर लावून उभी राहायची. मेव्हण्यानं तिच्या हातातलं भाताचं घमेलं काढून घेतलं आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "दाजी, तुमच्या दावणीचे बैल लई चकाकत्यात. आमच्या अक्काचा दम मात्र त्याच दावणीला ऱ्हायला बगा."

पंगत हसली. मी ताटावरून उठलो, बायकोला गाडीत बसायला सांगितलं आणि हात न धुता निघालो. सोनारीच्या बाजूला तिचं माहेर, आमचं गाव जळकोटच्या जवळ, हायवेला लागून. तेवढा रस्ता मी तिच्याशी एक शब्द बोललो नाही. तीही बोलली नाही. तिला बोलण्याइतका दम नव्हता की बोलायचं नव्हतं, हे मी तेव्हा विचारलं नाही.

ते वाक्य मला लागलं, कारण मी कुणाच्या जिवावर वर आलेला माणूस नाही. बापाकडं जमीन नव्हती. लोकांची जनावरं पायी हाकत बाजाराला पोचवायची, या कामापासून मी सुरुवात केली. बाजारात मोठ्या व्यापाऱ्यांच्या मागं उभा राहून शिकलो. सौदा कसा रुमालाखाली बोटं दाबून होतो, कोणता माणूस गरजेचा आहे आणि कोणता नुसता बघायला आलाय, हे सगळं. पुढं माझ्या स्वतःच्या दावणीला दहा-बारा बैल उभे राहू लागले. मला भडकायला वेळ लागत नाही, हे अख्खा बाजार जाणतो. पण माझ्या नजरेला कुणी नाव ठेवलं नव्हतं. आणि हा मेव्हणा, वडिलांच्या जमिनीवर बसून खाणारा, मला घरातलं माणूस दिसत नाही म्हणाला.

नजरेचंच सांगतो. बैल घेताना लोक दात बघतात, खूर बघतात, शिंगं बघतात. मी कूस बघतो. शेवटच्या बरगडीच्या मागं जी खळगी असते ती. निरोगी जनावराची कूस संथ हलते. धाप लागलेल्या जनावराचा श्वास आत एका झटक्यात जातो, पण बाहेर दोन हप्त्यांत येतो. अर्धा निघतो, मध्ये अडतो, मग पोट आवळून उरलेला काढावा लागतो. हे एकदा डोळ्याला कळलं की वीस हातांवरूनही दिसतं.

असं जनावर लपवायचीही रीत असते. बाजाराच्या आधी तीन दिवस त्याला कामाला लावायचं नाही. कोरडा कडबा घालायचा नाही, धुरळा उडेल असं काही जवळ आणायचं नाही, चारा भिजवून घालायचा. गुळाचं पाणी पाजायचं. बाजारात टेम्पोतून उतरवायचं ते थेट जागेवर, चालवायचं नाही. आणि उभं करताना पुढचे पाय उंचवट्यावर येतील असं उभं करायचं, म्हणजे पोटाचा भार छातीवर येत नाही. थंड सकाळी घेणाऱ्याला काही दिसत नाही. ही रीत मला चांगली येते. कितीदा वापरली हे इथं लिहीत नाही.

मेव्हण्याच्या मुलीच्या त्या लग्नानंतर वर्षभरानं आमच्या गावच्या आशाताई घरी आल्या. तालुक्याच्या दवाखान्यात नवीन डॉक्टर मॅडम आल्या होत्या आणि चुलीच्या धुरात काम करणाऱ्या बायकांची छाती तपासायचं काम त्यांनी हाती घेतलं होतं. आशाताई बायकोला म्हणाल्या, "मामी, तुमचा खोकला माझ्या घरापर्यंत ऐकू येतोय. चला एकदा."

मी नको म्हणणार होतो. मग वाटलं, बरंच आहे. तिला काही झालेलं नाही, असा एकदाचा कागद मिळेल. कागद मिळाला की मेव्हण्याच्या तोंडावर मारता येईल. खरं सांगायचं तर मी तिला दवाखान्यात नेलं ते एवढ्यासाठी.

मॅडम वयानं माझ्या मुलीएवढ्या होत्या. त्यांनी बायकोच्या पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग एक पेटी काढली. त्यात दोन लवचिक पट्टे होते, एक छातीला बांधायचा, एक पोटाला, आणि काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी. श्वास घेतला की पट्टा ताणतो, सोडला की सैल पडतो. त्याची रेषा डबीत उमटत राहते.

"तीन दिवस बांधून ठेवायचा," मॅडम म्हणाल्या.

"एका दिवसात होत न्हाई का?" मी विचारलं.

"काका, याच्यात कमी-जास्त नाही."

"मग तीन दिवसांच्या रेघा तुमी बघत बसणार?"

"मी नाही. कॉम्प्युटर बघतो. हजारो श्वासांतला कुठला नेहमीचा आणि कुठला बिघडलेला, हे तो आपला आपण हेरतो आणि खूण करतो. मी फक्त खुणा बघते."

मी व्यापारी माणूस. मी विचारलं, "आणि नेहमीचा कोणता, हे त्याला कोण सांगतं?"

मॅडमना प्रश्न आवडला असावा. त्या म्हणाल्या, "आपल्याच भागातल्या बायकांच्या रेषांवरून तो शिकतोय. शहरातल्या लोकांच्या रेषांवर शिकलेलं इथं नीट चालत नाही. म्हणून ही वही. कोणत्या वेळी काय काम केलं ते लिहायचं. झाडताना श्वास कसा, भाकरी करताना कसा, बसल्यावर कसा. रोज करता तेच करा मावशी, आणि खरं लिहा."

वही त्यांनी बायकोच्या हातात दिली. ती सातवी शिकलेली आहे, तिचं अक्षर माझ्याहून बरं. पण बाहेर आल्यावर वही मी घेतली. आमच्या घरात कागद माझ्याकडं राहतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी झाडू घेऊन गोठ्याकडं निघाली. लुगड्याच्या आत पट्टे, कमरेला डबी खोचलेली.

"ठेव ते," मी म्हणालो.

"मग गोठा?"

"गडी झाडंल."

"मॅडम म्हणल्या, रोजच्यासारखं करा."

"मॅडमला गोठ्यातलं काय कळतंय? बस तू."

मी बाज अंगणातल्या लिंबाखाली आणली. उशाकडच्या दोन पायांखाली विटा ठेवल्या. तिला टेकून बसवलं. चूल पेटवू दिली नाही, भाकरी शेजारणीकडून आणल्या. दुपारी कडब्याची गाडी येणार होती, ती फोन करून पुढं ढकलली. आणि तांब्यात गूळ विरघळवून तिच्या हातात दिला.

तिनं तांब्याकडं बघितलं, बाजेखालच्या विटांकडं बघितलं, मग माझ्याकडं. माझ्या घरात तीस वर्षं काढलेली बाई. दावणीला काय चालतं ते तिच्या डोळ्यांसमोरच चालायचं.

"अवो," ती म्हणाली, "बाजार कंच्या वारी हाय माजा?"

"जीभ लई चालायली तुजी."

"न्हाय, इचारलं. शिंगं रंगवायची ऱ्हायली म्हणून."

आणि ती हसली. हसता हसता खोकली, आणि खोकला थांबेना. मी तिच्यावर ओरडलो, "हसू नको! पट्ट्यावर उमटंल ते!" पदर तोंडात धरून तिनं तो खोकला गिळला. मग ती गुळाचं पाणी प्यायली. तीन दिवस तिनं मी सांगेन ते केलं.

वही मी लिहिली. सकाळी सहा, गोठा झाडला. सात, बैलांचा भरडा शिजवला. आठ, भाकरी. दहा, कडबा उचलून ठेवला. दुपारी, धुणं. तीनही दिवस. ती बाजेवर बसलेली, मी ओट्यावर बसून तिची कामं लिहितोय. तिच्या कामांची यादी मला पाठ नव्हती. तिलाच विचारून लिहावी लागली. "त्याच्यानंतर काय करतीस?" असं मी विचारायचो आणि ती सांगायची.

आठवड्यानं कागद मिळाला. मॅडमनी तो दोनदा वाचला.

"मला मावशींच्या छातीत आवाज ऐकू आला होता," त्या म्हणाल्या. "पण रेषेत बिघाड सापडलेला नाही. मावशी गोठा झाडतानाही इतक्या शांत श्वास घेतात, म्हणजे चांगलंच आहे. सर्दीचा आवाज असेल." टेबलावर त्यांनी एक पंपाचं खोकं काढून ठेवलं होतं, औषध ओढायचा छोटा पंप असतो तसं. ते त्यांनी परत कपाटात ठेवलं. "त्रास वाटला तर लगेच या."

बायकोनं त्या कपाटाकडं बघितलेलं मी बघितलं. तरी मी कागदाची घडी करून खिशात घातली आणि उठलो. सौदा मनासारखा झाला की मला गार वाटतं. तसं वाटलं.

पुढच्या महिन्यात मेव्हण्याच्या नातवाचं जावळ होतं, सोनारीला, काळभैरवाच्या देवळात. त्या लग्नानंतर मी त्यांच्याकडं गेलो नव्हतो. या वेळी आपणहून निघालो. इस्त्रीचा शर्ट घातला, खिशात कागद. देवळातलं उरकून सगळे मेव्हण्याच्या मळ्यात जेवायला जमले. दहा-पंधरा पुरुष माणसं सतरंजीवर बसलेली बघून मी कागद काढला.

"पाव्हणं, तुमच्या अक्काचा दम कुटं बांधलाय ते यंत्रानं बघितलंय. वाचा की. मोठ्यानं वाचा."

मेव्हण्यानं चष्मा लावला. सगळा कागद वाचला, मागची बाजूही बघितली. मला वाटलं होतं तो काहीतरी उलट बोलेल आणि मग मी त्याला सोडणार नव्हतो. काय काय बोलायचं ते मी रस्त्यात जुळवून ठेवलं होतं. त्यानं कागद नीट घडी करून माझ्या हातात दिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "दाजी, माजं चुकलं. बहिणीच्या मायेनं बोललो. पोटात ठिवू नका."

माझी जुळवलेली वाक्यं तशीच राहिली. मी म्हणालो, "असू द्या, असू द्या."

आत बायका ठेच्यासाठी मिरच्या भाजत होत्या. त्याचा खकाणा बाहेरपर्यंत आला आणि पुरुषही शिंकायला लागले. तेवढ्यात माझी बायको भिंतीला धरून बाहेर आली आणि पायरीवर बसली. दोन्ही हात गुडघ्यावर टेकवून ती पुढं वाकली होती. खांदे वर चढत होते, गळ्याजवळची खळगी आत ओढली जात होती. श्वास झटक्यात आत जात होता आणि बाहेर येताना मध्ये अडत होता. अर्धा, मग थांबा, मग पोट आवळून उरलेला. मी वीस हातांवर होतो.

मेव्हणा धावला. "अक्का, काय झालं?"

"काय... न्हाय. मिरचीचा... ठसका."

"ठसका असा असतोय व्हय?"

तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. मग भावाला म्हणाली, "यंत्रानं... बघितलंय की."

मेव्हण्याचा चेहरा सैल झाला. "व्हय, तपासलंय की परवाच. ठसकाच असंल. पाणी आणा रं, आन् तिला वारा घाला." कुणीतरी म्हणालं, डॉक्टरकडं न्यावं का. दुसरा म्हणाला, कागद आत्ताच वाचला ना. लोक परत सतरंजीवर बसले. एक बाई सुपानं वारा घालू लागली. माझ्या कागदानं त्या सगळ्यांना निवांत करून टाकलं.

आणि मी गप्प होतो. पाण्याचा तांब्या आला, तिला पाजायचा प्रयत्न झाला, पाणी तिच्या हनुवटीवरून सांडलं, तांब्या परत गेला, एवढा वेळ मी गप्प होतो. कारण पंधरा माणसं बसली होती आणि मेव्हण्यानं नुकतीच माझी माफी मागितली होती. ती माफी मला परत करायची नव्हती. दुसरं काही कारण नव्हतं, मी शोधून बघितलंय.

तिच्या ओठांचा रंग बदलला तेव्हा मी उठलो.

"कागद खोटा हाय," मी म्हणालो.

"काय म्हणता दाजी?"

"खोटा हाय. मी तिला बसवून ठिवली हुती. वही मी लिवली. गाडी काढा."

मेव्हणा पुढं झाला. त्यानं बहिणीला लहान पोरासारखं उचललं. परंड्याला दवाखान्यात तिच्या तोंडाला वाफेच्या औषधाचा मास्क लावला आणि तासाभरानं खांदे खाली आले. मी बाहेर बाकावर बसलो होतो. मेव्हणा समोर उभा होता. तो मला मारेल असं वाटत होतं आणि मारलं असतं तर बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "चहा घेता का?"

दोन दिवसांनी आम्ही आमच्या तालुक्याच्या मॅडमकडं गेलो. मी सगळं सांगितलं. विटा सांगितल्या, गूळ सांगितला. हे आपण कुठून शिकलो, तेही सांगितलं. मॅडम रागावल्या नाहीत, त्या पांढऱ्या पडल्या.

"काका, ती रेषा मी पुढं पाठवली," त्या म्हणाल्या. "आजार नसलेल्या, गोठा झाडणाऱ्या बाईचा श्वास म्हणून. म्हणजे आजारी छातीला चांगली म्हणायचं, असं आपण कॉम्प्युटरला शिकवलं. उद्या तुमच्या शेजारच्या गावातली कुणी बाई पट्टा बांधेल आणि तो तिलाही म्हणेल, काही नाही, घरी जा."

हे मला सुचलं नव्हतं. बाजारात मी एखाद्याला फसवलं तर एकच माणूस फसतो. माझी समजूत आतापर्यंत अशी होती.

"काढता येती का ती रेघ?"

"बघते." त्यांनी फोन लावला. पलीकडच्या माणसानं कारण विचारलं असावं, कारण मॅडमनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "घरच्यांनी वही चुकीची लिहिली." त्या चुकीची म्हणाल्या. मी त्यांच्याकडं कोरा कागद मागितला आणि त्यावर लिहिलं, की वही खोटी आहे, कामं केलेली नव्हती, मी समजून-उमजून लिहिलं. खाली सही केली. सौद्यात मी कधी सही करत नाही, माझा शब्द चालतो. रेघ काढल्याचा निरोप चार दिवसांनी आला. त्या चार दिवसांत मी आशाताईंना तीनदा विचारायला गेलो.

पट्टा परत बांधला. या वेळी वही तिच्याकडं. तीन दिवस ती तिची कामं करत होती, अंगावर झेपतील तेवढी, आणि मध्ये बसून लिहीत होती. मला वही दाखवली नाही, मी मागितली नाही.

निकाल आला त्या दिवशी मॅडमनी आम्हा दोघांना पडद्यावर रेषा दाखवली. वर जाणारी बाजू उभी, उतरणारी बाजू लांबच लांब, मध्ये एक पायरी. जागोजागी कॉम्प्युटरनं स्वतःच लाल खुणा केल्या होत्या. मॅडम समजावून सांगू लागल्या की बाहेर सोडायला वेळ किती लागतो ते बघा. मला समजावायची गरज नव्हती. पंगतीत खांबाला टेकली होती तेव्हाही तिची कूस अशीच हलत असणार. त्या दिवशी मी ताटाकडं बघत होतो, मग मेव्हण्याकडं.

"हा त्रास केव्हापासून आहे?" मॅडमनी विचारलं.

मी तोंड उघडलं. दोन-तीन वर्षं झाली, असं सांगणार होतो. त्याआधी बायको बोलली.

"पत्रे मारले, तवापासनं."

"कसले पत्रे?"

"बैलांचा भरडा शिजवायची चूल पडवीत हुती. तीन बाजूंनी उघडी. मग येणारे-जाणारे व्यापारी बघायचे, ह्ये बैलांना काय घालत्यात. म्हणून ह्यांनी चारी अंगांनी पत्रे मारले. तवापासनं धूर आतच ऱ्हातो." तिनं थोडा दम घेतला. "नऊ वर्षं झाली."

मॅडमनी ते लिहून घेतलं. माझ्याकडं बघितलं नाही. मीच तिच्याकडं बघत होतो. नऊ वर्षं मी त्या पत्र्यांच्या बाहेर उभा राहून आतून येणारा खोकला ऐकला होता, आणि बाजारात गेल्यावर लोकांना सांगत होतो की माझ्या बैलांच्या खुराकाचं गुपित कुणाला कळणार नाही.

पंप मिळाला. मॅडम म्हणाल्या, गेलेलं सगळं परत येणार नाही, आहे ते राखता येईल. कपाटातलं ते खोकं पहिल्याच खेपेला मिळालं असतं तर किती राखलं असतं, हे मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. माझी सुटका करायला म्हणाल्या असतील.

पत्रे मी स्वतःच काढले. गड्याला हात लावू दिला नाही. ती लांब, वाऱ्याच्या बाजूला खुर्चीवर बसली होती. तिसरा पत्रा काढताना एक व्यापारी मोटारसायकलवरून आला, काजळीनं काळी झालेली आतली भिंत बघून थांबला आणि म्हणाला, "का हो, उघडं करायलाव? आता सगळ्यांना कळंल की तुमचा खुराक."

मी काही म्हणायच्या आत ती म्हणाली, "कळू द्या. उडीद, गहू आन् गूळ. आनखी काय इचारायचंय?"

एवढं बोलून तिला दम लागला. व्यापारी हसत निघून गेला. मी पत्रा हातात धरून उभा राहिलो, तिचा श्वास खाली बसेपर्यंत. वेळ लागला. मग ती म्हणाली, "काढा की पुढचा, बगत काय ऱ्हायला?"